यांच्या डाव्या बाजूला

आमचे हे चहा बशीत ओतून पितात. त्या दिवशी सकाळी यांनी बशी तोंडाला लावली आणि सगळा चहा डाव्या बाजूने शर्टावर सांडला. मला वाटलं, कुणाची तरी नक्कल करताहेत. ती यांची सवयच. पिंपळगावच्या मार्केटातला हमाल, हायवेवरचा हवालदार, माझा भाऊ, सगळ्यांच्या नकला करायचे आणि मी हसले नाही तर पुन्हा करून दाखवायचे. म्हणून मी म्हणाले, "पुरे आता, शर्ट मलाच धुवायचाय." हे काहीतरी बोलले, पण ते शब्द नव्हते. तोंडात मोठा घास असताना माणूस बोलतो तसा आवाज आला. मग हातातली बशी निसटली आणि फुटली. तेव्हा मी यांच्याकडे नीट बघितलं. अर्धाच चेहरा ओळखीचा होता.

समोरच्या वहिनींनी धावत जाऊन रिक्षा आणली. वेळेत आणलंत म्हणून वाचले, असं डॉक्टर म्हणाले. दवाखान्यातून घरी आले तेव्हा तोंड बरंचसं सरळ झालं होतं. बोललेलंही कळत होतं. पण डावा हात आणि डावा पाय काही यांचं ऐकत नव्हते.

डावा हात म्हणजे यांचा गिअरचा हात. सगळं आयुष्य यांनी टेम्पो चालवला. चांदवडहून कांदा भरायचा, हंगामात पिंपळगावहून द्राक्षं. जेवण ढाब्यावर, झोप सीटवर. घरी आले की जेवताना आधी पापड, मग लोणचं, आणि एवढं वाढूनसुद्धा मिठाची वाटी जवळ लागायची. तंबाखू तर होतीच. मी कितीदा सांगितलं, मुलीने सटाण्याहून फोनवर सांगितलं, काही उपयोग झाला नाही. पण तंबाखू डाव्या तळहातावर घेऊन उजव्या अंगठ्याने मळावी लागते. आता डावा तळहात वरच होत नव्हता. हे बराच वेळ त्या हाताकडे बघत बसले, मग डबी माझ्याकडे सरकवून म्हणाले, "घे, टाक कुठं टाकायची ती." मी ती लगेच टाकली. यांचं मन बदलायच्या आत कचऱ्याची गाडी येऊन गेली म्हणून बरं.

व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची. तिने सांगितलं, डाव्या मुठीत काहीतरी धरायचं आणि पुढे-मागे करायचं. मी लाटणं दिलं. ती मुलगी गेली की हे लाटणं खुर्चीच्या बाजूला उभं धरायचे आणि तोंडाने इंजिनाचा आवाज काढत गिअर टाकायचे. पहिला पडायचा, दुसरा पडायचा, तिसऱ्याला हात घसरायचा. मला पोळ्या करायच्या असायच्या आणि माझं लाटणं घाट चढत असायचं. शेवटी मी दुसरं लाटणं आणलं.

गोळ्यांची नावं इंग्रजीत होती. मी चौथी शिकलेली. म्हणून सकाळच्या गोळ्या मी हळदीकुंकवाच्या जुन्या करंड्यात ठेवल्या आणि रात्रीच्या स्टीलच्या डबीत. त्यात कधी चूक झाली नाही. जेवणाचंही मी मनावर घेतलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मीठ अगदी कमी, पापड, लोणचं, फरसाण आणि तळलेलं बंद. मी पापडाचा डबा समोरच्या वहिनींना देऊन टाकला. भाजीत मीठ नावाला घालायचे आणि लिंबू, लसूण, जिरं वाढवायचे. मीही तेच खायचे. वेगळं करून खाणं मला बरं वाटेना. खरं सांगायचं तर पहिल्या दिवसाची मेथीची भाजी माझ्याही घशाखाली उतरत नव्हती. हे घास तोंडात ठेवून माझ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "बाई, मला लकवा झालाय, माझ्या जिभेला नाय."

असे काही दिवस गेले आणि एका सोमवारी हे माझ्याकडे आले. सोमवारचा उपास मी लग्नाआधीपासून करते. मी साबुदाण्याची खिचडी परतत होते. हे दाराला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "महादेवानं माझा जीव वाचवला. मी पण सोमवार धरतो."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. या माणसाने उभ्या जन्मात कधी उपास केला नव्हता. आषाढी एकादशीला ढाब्यावर आम्लेट खाऊन घरी येणारा हा माणूस. मी लगेच आणखी साबुदाणा भिजवला. दुपारी यांना खिचडी वाढली, शेंगदाण्याचं कूट घातलेली, वर मिरची, बाजूला उपासाचे बटाट्याचे वेफर. हे अगदी शांतपणे, डोळे मिटून खात होते. मला वाटलं, देवाचं नाव घेताहेत.

त्याच आठवड्यात शनिवारी मारुती आठवला. पुढच्या आठवड्यात गुरुवारही धरला. मध्ये चतुर्थी आली ती सुटली नाही. मी मुलीला फोनवर कौतुकाने सांगितलं तर ती म्हणाली, "पप्पा आणि उपास? आई, ताप नाही ना त्यांना?" पण बापासाठी तिने सटाण्याहून साबुदाण्याच्या पापड्या आणि बटाट्याचा कीस पाठवून दिला. तो तळून द्यायला मला काही वाटलं नाही. उपासाचं होतं ते. आमच्याकडे उपासाला साधं मीठ चालत नाही, शेंदेलोण लागतं. डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलं होतं. शेंदेलोणाचं ते काही बोलले नव्हते. आणि शेंदेलोणाला चव जरा कमी, म्हणून मी हात सैल सोडून घालायचे. उपाशी माणसाला निदान चवीने खाऊ दे, एवढंच माझ्या मनात.

नंतर दवाखान्यात दाखवायला गेलो. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, फुगवला, सोडला आणि पुन्हा बांधला. पहिल्या वेळेपेक्षा बीपी जास्तच होतं. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "ताई, जेवणात मीठ किती घालता?"

परक्या माणसासमोर मला बोलता येत नाही. मी पदर नीट करत बसले. हेच म्हणाले, "साहेब, हिला काय विचारता? हिच्या हातची भाजी खाऊन बघा, गाय पण तोंड लावणार नाय. आणि आठवड्यात तीन दिवस तर मी उपाशीच असतो."

"उपाशी म्हणजे?"

"म्हणजे उपास."

"उपासाला काय खाता?"

मग यांनी सांगितलं. खिचडी कशी मोकळी होते, कीस तळला की कसा फुलतो, पापडी तोंडात टाकली की कशी विरघळते, सगळं हाताने दाखवत, रंगून सांगितलं. डॉक्टर ऐकत होते. मग मान खाली घालून हसायला लागले. औषधं द्यायला बसलेली मुलगीसुद्धा हसली. मला कळेना काय झालं.

"ताई, शेंदेलोण पण मीठच आहे," डॉक्टर म्हणाले. "यांच्या रक्ताला सोमवार कळत नाही."

एवढे दिवस मी भाजीतून चिमूट चिमूट काढत होते आणि उपासाच्या ताटात मूठभर घालत होते. हे मात्र माझ्याकडे बघेनात. भिंतीवरच्या चित्रातलं माणसाचं काळीज निरखत बसले. तेव्हा मला यांची भक्तीही कळली.

हसणं संपल्यावर डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. मग यांनाच म्हणाले, "हे बघा काका, पहिला झटका तुम्हाला सोडून गेला. दुसरा सोडेल असं नाही. तो माणूस अंथरुणाला खिळवतो, नाहीतर घेऊनच जातो. ते होऊ द्यायचं नसेल तर दोन गोष्टी आयुष्यभर कराव्या लागतील. खाणं सांभाळायचं आणि रोज चालायचं. घरात नाही, बाहेर, रस्त्यावर. आणि एकट्याने नाही. तुमचा डावा पाय अजून भरवशाचा नाही. कोणीतरी डाव्या बाजूला हात धरून पाहिजे."

कोणीतरी म्हणजे कोण, ते तिघांनाही माहीत होतं. या वेळी भिंतीवरच्या चित्राकडे मी बघितलं.

घरी येताना रिक्षात हे म्हणाले, "कीस फार छान तळायचीस तू." मी औषधांची पिशवी मांडीवर नीट केली. राग नव्हता आला. डॉक्टरांनी "घेऊनच जातो" म्हटलेलं कानात बसलं होतं. घरी आल्यावर मी किसाचा डबाही वहिनींकडे पोचवला. त्या म्हणाल्या, "तुमच्या आजारपणात मीच जाड व्हायची." यांचे उपास सुटले. माझा सोमवार मी ताक आणि केळ्यावर आणला. देव काही बोलला नाही.

खाण्याचं असं मार्गी लागलं. चालण्याचं अवघड होतं.

लग्न झाल्यापासून मी यांच्या मागून चालत आले आहे. आमच्या चांदवडकडच्या गावात तशीच रीत होती. नवरा पुढे, बायको दोन पावलं मागे. बरोबरीने चालणाऱ्या बाईला लोक नावं ठेवायचे. इथे नाशिकला आलो, कॉलनीत राहिलो, आजूबाजूच्या बायका नवऱ्याच्या शेजारून गप्पा मारत जाऊ लागल्या, तरी माझे पाय मागेच राहिले. बाजारात गेलो, लग्नाला गेलो, गोदावरीला, आमच्या गंगेवर गेलो, हे पुढे आणि मी मागे. यांची पाठ मी यांच्या तोंडापेक्षा जास्त बघितली असेल. गर्दीत चुकले तर चपलेच्या आवाजावरून शोधायचे. आणि हात? चारचौघांत यांचा हात माझ्या हातात एकदाच आला होता, लग्नात, तोही भटजींनी दिला म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पाटाच्या कडेच्या रस्त्याने फिरायला निघालो. हे पुढे, काठी टेकत, डावा पाय ओढत. मी मागे. नुसतं रिकाम्या हाताने फिरायची मला लाज वाटत होती म्हणून भाजीची पिशवी बरोबर घेतली होती. कुणी बघितलं तर बाजाराला निघालेय असं वाटावं. यांची चाल इतकी हळू झाली होती की मला जागच्या जागी पाय उचलावे लागत होते. पाटाजवळच्या बाकावर यांच्या ओळखीची म्हातारी माणसं बसतात. त्यातला एक ओरडला, "काय ड्रायव्हर, टायर बसलं का?" दुसरा म्हणाला, "मागे कंडक्टर आहे की!" हेही हसले. "स्टेपनी नाय राव," म्हणाले. पण परत येताना दुसऱ्या गल्लीने आले.

त्यानंतर कधी पाय दुखायचा, कधी ऊन व्हायचं. हे घरातच चालायला लागले. बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघर, स्वयंपाकघरातून बाहेरची खोली. मध्ये डबे उघडून बघायचे. व्यायामाच्या मुलीने पाय हलवून बघितला आणि म्हणाली, "काका, हा पाय झोपायला लागलाय परत. बाहेर चालत नाही तुम्ही." यांनी तिला लाटण्याचा तिसरा गिअर टाकून दाखवला. तिने लाटणं काढून घेतलं. "हाताचं नाही विचारलं," म्हणाली.

तिच्या धाकाने पुन्हा बाहेर पडलो. पुन्हा तसेच, हे पुढे, मी मागे. पाटाच्या वळणावर मागून एका स्कूटरवाल्याने जोरात हॉर्न दिला. हे दचकले, काठी घसरली आणि डाव्या बाजूला कलले. मी मागून सगळं बघत होते. खांदा खाली गेला, गुडघा वाकला, हात हवेत काहीतरी धरायला गेला. तिथे धरायला काहीच नव्हतं. दोनच पावलं होती, पण मी पोचले नाही. हे रस्त्याच्या कडेच्या चिखलात बसले. दूधवाल्याने गाडी उभी केली आणि दंडाला धरून उठवलं. कोपर खरचटलं होतं, बाकी काही नाही. हे दूधवाल्याला म्हणाले, "रिव्हर्स टाकत होतो दादा, अंदाज चुकला." तो हसला. मीही हसल्यासारखं केलं.

घरी आल्यावर मात्र यांची थट्टा संपली. मी कोपराला हळद लावत होते. हे खिडकीकडे बघत म्हणाले, "आता बास. मी नाय येणार. लोकांसमोर चिखलात पडण्यापेक्षा घरात मेलेलं बरं."

मी म्हणाले, "असं बोलू नका."

"मग काय बोलू? सांग ना."

मला वेळेवर कधीच सुचत नाही. मी हळदीची वाटी घेऊन आत गेले आणि भांडी घासत बसले. घासलेलीच पुन्हा घासली. मनात एकच चालू होतं. डॉक्टरांनी डाव्या बाजूला म्हटलं होतं. मागे म्हटलं नव्हतं. मी यांना पथ्याचं वाढते, गोळ्या देते, सगळं करते आणि रस्त्यावर मात्र माझी लाज सांभाळत मागे राहते. यांना दुसरा झटका आला तर ही लाज घेऊन मी काय करणार होते?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी यांच्या आधी चपला घातल्या. भाजीची पिशवी खिळ्यालाच राहू दिली. हे खुर्चीत बसून होते.

"चला," मी म्हणाले.

"काल सांगितलं ना तुला."

"काल तुम्ही मला विचारलं, काय बोलू. आज सांगते. काही बोलू नका, नुसतं चला."

हे माझ्या तोंडाकडे बघतच राहिले. एवढं मोठं वाक्य मी यांना तोंडावर कधी बोलले नव्हते. मग काठी शोधायला लागले. काठी उजव्या हातात दिली आणि मी यांच्या डाव्या बाजूला उभी राहिले. पायरी उतरताना हात धरला. तो घरात तर रोजच धरत होते. पायरी उतरली, फाटक आलं, आणि मी तो सोडला नाही.

समोरच्या वहिनी दारात रांगोळी काढत होत्या. त्यांनी वर बघितलं आणि रांगोळीची चिमूट तशीच बोटांत राहिली. "अगंबाई! आज लग्नाचा वाढदिवस की काय?"

माझे कान तापले. हात आपोआप सैल झाला होता. पण यांच्या बोटांनी, त्या डाव्या हाताच्या बोटांनी, माझा हात धरून ठेवला. फार जोर नव्हता त्यात. लहान मूल धरतं तेवढाच.

हे म्हणाले, "नाय वहिनी. माझं लायसन्स जप्त झालंय. आता हीच चालवते."

"मग हळू चालवा हो," वहिनी मला म्हणाल्या.

मी खाली बघत होते, पण चालत होते. कोपऱ्यावर दुकान, मग शाळेची भिंत, मग पाट. यांच्या शेजारून चालताना पहिल्यांदा मला कळलं की यांचा डावा पाय टाच न टेकता पडतो. मागून ते कधी दिसलं नव्हतं. मी म्हणाले, "टाच टेकवा." हे म्हणाले, "टेकवली." बाक आला. माणसं बसलेली होतीच. मला वाटलं, आता काय काय ऐकावं लागतंय. पण त्यातला सगळ्यात म्हातारा, ज्याची बायको मागच्या वर्षी गेली, तो नुसता "या" म्हणाला आणि बाकावर सरकून दोघांपुरती जागा केली. आम्ही बसलो. यांनी त्या दिवशी टायरवरून ओरडलेल्याला त्याच्याच आवाजात "काय ड्रायव्हर" म्हणून दाखवलं. हुबेहूब. आजारानंतरची ही पहिली नक्कल. मी पदराआड हसले आणि मग पदर काढून हसले.

तेव्हापासून आमचं रोज चालणं आहे. थंडीत हे कानटोपी घालतात, पावसात मी छत्री धरते आणि आम्ही दोघेही अर्धे भिजतो. एखाद्या दिवशी यांचा मूड नसतो, एखाद्या दिवशी माझा, पण दोघांचा एकदम नसला असं क्वचित होतं. घरातून निघताना माझ्या हातात यांचा हात पहिल्या गिअरमध्ये असतो. शाळेच्या भिंतीपाशी मनगट हलतं, म्हणजे दुसरा टाकला. पाटाच्या सरळ रस्त्यावर तिसरा. समोर कुत्रं दिसलं की हे माझी बोटं दाबतात, तो ब्रेक. ब्रेक पायाने लावतात एवढं मलाही माहीत आहे. पण पायाला आधीच पुष्कळ काम आहे.

मुलगी सणाला आली तेव्हा रिक्षातून येताना तिने आम्हाला रस्त्यात बघितलं. घरी येऊन मला म्हणाली, "आई, तू पप्पांचा हात धरून?" मी म्हणाले, "डॉक्टरांनी सांगितलंय." ती म्हणाली, "हो का? डॉक्टरांनी हसत हसत चालायला पण सांगितलंय?" मी तिला कोथिंबीर निवडायला बसवलं.

मोह अजून होतात. लग्नकार्यात पंगतीला बसले की यांची नजर पापडाच्या टोपलीबरोबर फिरते. वाढणारा आला की हे ताटावर हात आडवा धरतात. पण माझ्याकडे बघून धरतात, मी बघतेय ना म्हणून. मी बघितलं नसतं तर काय झालं असतं, ते मी विचारत नाही. मिसळीच्या दुकानावरून जाताना आमचा तिसरा गिअर आपोआप पहिल्यावर येतो. मग मी ओढते.

मागच्या वेळी दवाखान्यात गेलो तेव्हा डॉक्टरांनी पट्टा एकदाच बांधला. बीपी चांगलं होतं. पाय हलवून बघितला, खोलीतून दारापर्यंत चालायला लावलं. खूश झाले. म्हणाले, "असंच चालू ठेवा, सोडायचं नाही. पाय छान सुधारलाय. आता हात सोडून चाललात तरी चालेल, काका."

घरी येईपर्यंत कुणी त्याचं नाव काढलं नाही. संध्याकाळी जेवताना हे अळणी वरणात लिंबू पिळत होते. मी समोर बसले होते. मीही आता यांच्याबरोबरच जेवते, मागून नाही. ते कधी सुरू झालं ते मला आठवत नाही.

सकाळी हे काठी घेऊन दारात उभे राहिले. आज डावा हात खिशात होता. मला म्हणाले, "डॉक्टर काय म्हणाले, ऐकलंस ना? हात सोडून चाललं तरी चालेल."

"ते तुम्हाला म्हणाले," मी म्हणाले, "मला नाही."

हे बराच वेळ हसले. तोंड अजून हसताना डावीकडे जरा मागे राहतं. मग खिशातून हात काढला आणि पायरी उतरायच्या आधीच पहिला गिअर टाकला.